दूरच्या लढाईचे जवळचे धक्के : चिठ्ठ्यांतील प्रश्नांना उत्तरे

इंदुरात रामबागेतील एका मराठी व्याख्यानमालेत गेल्या आठवड्यात मोठी युद्धे आणि त्यांत न पडलेले देश या विषयावर बोलण्याचा योग आला. वेळ संपला तेव्हा टेबलावर चिठ्ठ्यांचा गठ्ठा तसाच राहिला होता. संयोजकांनी तो माझ्या पिशवीत घातला आणि उत्तरे लेखी द्यावीत असे सुचवले. एकाच अर्थाच्या चिठ्ठ्या एकत्र करून ती येथे देत आहे.

माळव्यात सोयाबीनचे एवढे पीक येते. मग २०२२ साली लढाई युक्रेनमध्ये सुरू झाली आणि आपल्याकडे सोयाबीन तेलाचा डबा का महागला? (एक गृहिणी, लोकमान्य नगर)

त्या वर्षीचा मार्च मलाही चांगला आठवतो. सियागंजातील ज्या दुकानातून आमचा महिन्याचा किराणा येतो, तेथे तेलाच्या डब्याचा भाव खडूने पाटीवर लिहिलेला असे. त्या आठवड्यात दुकानदाराने आकडा पुसून नुसते ‘भाव विचारा’ असे लिहून ठेवले होते. सकाळचा भाव संध्याकाळी टिकत नाही, मग खडू कशाला झिजवायचा, असे त्याचे म्हणणे होते.

भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. त्यात सूर्यफुलाचे तेल बहुतांश युक्रेन आणि रशिया येथून येत असे. २४ फेब्रुवारी २०२२ ला आक्रमण झाले, काळ्या समुद्रावरची युक्रेनची बंदरे बंद पडली आणि जगभरचे खरेदीदार पाम आणि सोया तेलाकडे वळले. सोयाबीन आपल्या शेतात पिकते हे खरे, परंतु त्याच्या दाण्यात तेल पाचवा हिस्सासुद्धा नसते. उरते ती पेंड. त्यामुळे देशाची तेलाची भूक माळव्याच्या सोयाबीनवर भागत नाही. बाहेरून येणारे तेल बंदरावर ज्या भावाने उतरते, त्याच भावाने इंदूरच्या कारखान्यातले तेलही विकले जाते.

एवढ्यावर प्रकरण थांबले असते तरी ओझे सोसण्याजोगे होते. पण २८ एप्रिलला इंडोनेशियाने घरचे भाव आवरण्यासाठी पाम तेलाची निर्यातच थांबवली आणि ती बंदी जवळजवळ चार आठवडे चालली. १३ मे रोजी आपण गव्हाची निर्यात बंद केली. मार्चमधल्या उष्णतेच्या लाटेने गहू हलका भरला होता, हे त्या निर्णयामागचे कारण समजण्यासारखे आहे. तथापि जगाला गहू पुरवण्याची भाषा त्याआधी काही आठवडेच आपण करत होतो, आणि मध्य प्रदेशातून निघालेले गव्हाचे ट्रक कांडला बंदराबाहेर रांगेत अडकून पडले. माझ्या मते युद्धाने दिलेल्या पहिल्या धक्क्याइतकाच, लढाईशी संबंध नसलेल्या सरकारांनी घाबरून दिलेला हा दुसरा धक्का गरीब आयातदार देशांना महागात पडला.

शेतकऱ्याचे म्हणाल तर त्या वसंतात सोयाबीन क्विंटलला सात हजारांच्या वर गेले होते. २०२४ च्या हंगामात तेच ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली विकावे लागले. युद्ध तेव्हाही चालूच होते.

श्रीलंकेतील सरकार युक्रेन युद्धामुळे कोसळले, असे म्हणणे योग्य ठरेल काय? (एक निवृत्त बँक अधिकारी)

नाही, आणि आपण बँकेत होतात म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो. खाते आधीच बुडीत निघत आलेले होते, युद्धाने फक्त शेवटचा हप्ता थकवला. २०१९ च्या अखेरीस गोटाबाया राजपक्षे यांच्या सरकारने मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला. त्याच वर्षीच्या ईस्टरमधील बाँबस्फोटांनी आणि पुढे कोविडने पर्यटन बसले. एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली गेली आणि भाताचे व चहाचे उत्पादन घसरले. या स्थितीत युद्धाने तेल महाग केले आणि नुकतेच परतू लागलेले रशियन व युक्रेनी पर्यटकही थांबले. १२ एप्रिल २०२२ ला श्रीलंकेने परदेशी कर्जाची परतफेड थांबवत असल्याचे जाहीर केले; जुलैमध्ये अध्यक्षांना देश सोडून जावे लागले.

त्याच जुलैत पाकिस्तानने द्रवरूप नैसर्गिक वायूसाठी काढलेल्या निविदेला एकही बोली आली नाही, कारण रशियन वायूला पर्याय शोधणारा युरोप जहाजेच्या जहाजे चढ्या भावाने उचलत होता. बांगलादेशात भारनियमन सुरू झाले ते याच कारणाने. युरोपने आपली हिवाळ्याची ऊब विकत घेतली आणि ढाक्यात पंखे बंद पडले, हा व्यवहार कोणत्याही नकाशावर दिसत नाही.

एका देशातील युद्ध संपल्यावर शेजारचा देश का पेटतो? लिबिया आणि माली यांचे उदाहरण आपण व्याख्यानात ओझरते घेतले होते, ते सविस्तर सांगावे. (राज्यशास्त्राचा विद्यार्थी)

हा प्रश्न मला सर्वांत आवडला, म्हणून थोडा विस्तार करतो.

लिबियाचा हुकूमशहा गद्दाफी याच्या फौजेत सहारा वाळवंटातील तुआरेग जमातीचे अनेक लढवय्ये होते. ऑक्टोबर २०११ मध्ये गद्दाफी मारला गेल्यावर त्यांना लिबियात थारा उरला नाही. ते दक्षिणेकडे आपल्या मुलखात परतले, आणि येताना उघड्या पडलेल्या शस्त्रागारांतील शस्त्रे गाड्यांवर लादून घेऊन आले. जानेवारी २०१२ मध्ये उत्तर मालीत बंड झाले. सरकार आपल्याला नीट शस्त्रे देत नाही म्हणून संतापलेल्या मालीच्या सैनिकांनी मार्चमध्ये राजधानी बामाकोतील सत्ताच उलथली. त्या गोंधळात उत्तरेचा सारा प्रदेश हातचा गेला आणि बंडखोरांच्या मागून आलेल्या जिहादी गटांनी टिंबक्टूतील जुने दर्गे फोडले. जानेवारी २०१३ मध्ये फ्रान्सचे सैन्य उतरले, त्यामागून संयुक्त राष्ट्रांचे शांतिसैन्य आले, तरीही हिंसाचार बुर्किना फासो आणि नायजर येथे पसरत गेला. पुढे मालीत २०२० व २०२१ मध्ये, बुर्किना फासोत २०२२ मध्ये दोनदा आणि नायजरमध्ये २०२३ मध्ये लष्कराने सत्ता घेतली.

इथवरची साखळी पाठ्यपुस्तकात सापडेल. मला लक्ष वेधायचे आहे ते नायजरकडे, पण २०२३ च्या नव्हे, २०११ च्या. लिबियातून तुआरेग लढवय्ये नायजरमध्येही परतले होते. तेथील सरकारने त्यांना सीमेवर गाठून शस्त्रे काढून घेतली. जुन्या बंडातील काही पुढाऱ्यांना आधीच प्रशासनात जागा मिळालेली होती आणि त्या वर्षी नेमलेले पंतप्रधान ब्रिगी राफिनी हे स्वतः तुआरेग होते. मालीत मात्र १९६० च्या दशकापासूनची बंडे तात्पुरत्या तडजोडींनी झाकली गेली होती. एकाच वाळवंटातून, एकाच महिन्यांत, तीच शस्त्रे दोन्ही देशांच्या दारात आली. एका ठिकाणी राज्य मोडले, दुसऱ्या ठिकाणी त्या वर्षी तरी मोडले नाही. म्हणून ‘युद्ध पसरले’ हा शब्दप्रयोग मी वर्गात मुलांना जपून वापरायला सांगत असे. वणव्यासारखे ते आपोआप पसरत नाही. ते कशावरून येते, भावावरून, शस्त्रांवरून की माणसांवरून, आणि आल्यावर त्याला कोणती जुनी भेग सापडते, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे तपासावे लागते.

पूर्वी जग इतके जोडलेले नव्हते, त्यामुळे दूरच्या युद्धांची झळ आपल्या पूर्वजांना लागत नसावी, असे मला वाटते. (वय वर्षे ८१, असे चिठ्ठीवरच लिहिले आहे)

आजी, आपल्या पणजोबांच्या पिढीने बहुधा उलट सांगितले असते. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस थांबला. गिरणीवाल्यांनी हिंदुस्थान आणि इजिप्त यांच्याकडे धाव घेतली. मुंबईत कापसाच्या पैशाचा पूर आला, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्यांचे शेअर्स आकाशाला भिडले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सारा डोलारा खाली आला. ही गोष्ट मुंबईकर अजून सांगतात.

दख्खनची गोष्ट कमी सांगितली जाते. तेजीच्या वर्षांत सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली. पुढे भाव उतरले, १८६७ पासून काही तालुक्यांत सरकारने शेतसारा बराच वाढवला आणि सावकारांनी हात आखडले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी कुणब्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल करून कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या जाळल्या. दंगल नगर जिल्ह्यापर्यंत गेली. त्या भागात कापूस हे मुख्य पीक नव्हते, त्यामुळे सारा दोष अमेरिकेतील युद्धावर टाकणे इतिहासकारांना मान्य नाही आणि मलाही नाही. पण पतपुरवठ्याची भरती आणि ओहोटी त्या युद्धाशी बांधलेली होती. सुप्याच्या चौकात वह्या जळत होत्या तेव्हा ते युद्ध संपून दहा वर्षे झाली होती, आणि जाळणाऱ्यांपैकी किती जणांनी लिंकनचे नाव ऐकले असेल?

इजिप्तचे तर राज्यच गेले. तेथील राज्यकर्ता खेदिव इस्माइल याने कापसाच्या तेजीच्या भरवशावर युरोपातून भरमसाट कर्ज काढले. १८७५ मध्ये सुएझ कालव्याचे आपले शेअर्स त्याला ब्रिटनला विकावे लागले, १८७६ मध्ये दिवाळे निघाले, १८८२ मध्ये ब्रिटिश सैन्य येऊन बसले. योगायोग असा की आजही दूरच्या युद्धाचा मार त्याच देशाला दोन्ही बाजूंनी बसतो. २०२२ मध्ये काळ्या समुद्रावरचा गहू अडला त्याची झळ इजिप्तला लागली, कारण तो जगातील सर्वांत मोठ्या गहू आयातदारांपैकी एक. आणि नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हौथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केल्यावर कालव्याचे उत्पन्न सुमारे दहा अब्ज डॉलरवरून पुढच्याच वर्षी चार अब्जांवर आले.

महासत्ता एका युद्धात गुंतल्या की दुसरीकडे कोणीतरी संधी साधतो, हे खरे का? १९६२ चे उदाहरण या प्रकारात बसते का? (महू येथून)

पहिल्या भागाचे उत्तर बहुतांशी होय. सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानने आर्मेनियन वस्तीचा नागोर्नो-काराबाख हा वादग्रस्त प्रदेश एका दिवसात ताब्यात घेतले. रशियाचे शांतिसैनिक तेथेच होते, पण मॉस्कोचे बळ आणि लक्ष युक्रेनमध्ये अडकले होते. एक लाखाहून अधिक आर्मेनियन लोक काही दिवसांत घरे सोडून निघून गेले. डिसेंबर २०२४ मध्ये सीरियातील असद यांची राजवट पडली, तेव्हाही त्यांचे पाठीराखे रशिया, इराण आणि हिजबुल्ला आपापल्या लढायांनी थकलेले होते. ज्या शांततेला बाहेरच्या एकाच राखणदाराचा आधार असतो, तिचे आयुष्य त्या राखणदाराच्या सवडीइतके असते.

१९६२ बाबत मात्र मी सावध राहीन. २० ऑक्टोबरला चीनचा हल्ला आणि त्याच पंधरवड्यात क्युबातील सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि रशिया यांच्यात उद्भवलेला पेचप्रसंग, हा मेळ लक्षवेधी आहे खरा. पण सीमेवरचा तणाव १९५९ पासून चढत होता आणि ईशान्य सीमेवरील थाग-ला परिसरातील चकमकी क्युबातील क्षेपणास्त्रांची बातमी फुटण्याआधीच झाल्या होत्या. दोन घटनांची तारीख जुळली म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही.

घरात धान्य-तेलाचा साठा करून ठेवावा का? (तीन चिठ्ठ्या)

वर्षाचा गहू आपण भरतोच, तो भरावा. त्यापलीकडे करू नये. २०२२ मध्ये सरकारांनी जे केले, तेच घरोघरी करण्यासारखे होईल.

डीएपी खताच्या रांगेचा आणि युद्धाचा काही संबंध आहे का? (सांवेरकडील एक शेतकरी)

आहे, पण सगळा नाही. डीएपीला अमोनिया लागतो आणि अमोनियाला नैसर्गिक वायू. रशियातील तोल्याती येथून ओडेसा बंदरापर्यंत अमोनिया वाहून नेणारी नळवाहिनी आक्रमणाच्या दिवसापासून बंद पडली आणि वायूच्या भावाने युरोपातील खत कारखाने थंड केले. २०२२-२३ मध्ये आपल्या केंद्र सरकारचे खत अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या वर गेले ते यामुळे. पोते १,३५० रुपयांना मिळत राहिले म्हणून आपल्याला ते जाणवले नाही. पुढे तांबडा समुद्र धोक्याचा झाल्याने मोरोक्कोकडून येणाऱ्या मालाला आफ्रिकेला वळसा घालावा लागला आणि वाटेत दोन आठवडे अधिक मोडू लागले. दुसरीकडे चीनने आपल्या खतांची निर्यात आवळली ती २०२१ च्या अखेरीस, म्हणजे युद्धापूर्वीच. आणि सोसायटीच्या गोदामात आलेला माल कोणाला आधी मिळतो, याचा संबंध तर कोणत्याच समुद्राशी नाही.

सोयाबीनसाठी विचारत असाल तर रांगेत पेरणीचा वाफसा घालवू नका. एका पोत्या डीएपीच्या जागी तीन पोती सिंगल सुपर फॉस्फेट आणि सुमारे वीस किलो युरिया दिला की स्फुरद आणि नत्र यांचा हिशेब जुळतो. सोयाबीनला लागणारा गंधकही सुपरमध्ये मिळतो, तो डीएपीत नसतो.