बंबातले प्लॅस्टिक

प्रश्न : आमच्याकडे आंघोळीचे पाणी तापवताना बंबात दुधाच्या पिशव्या आणि जुन्या पाइपचे तुकडे घालतात. सरपण वाचते, यात वावगे काय?

उत्तर : पाइप बहुधा पीव्हीसीचे असतात. त्यात क्लोरीन असल्यामुळे जळताना हायड्रोजन क्लोराइड हा झोंबणारा वायू आणि डायॉक्सिन ही कर्करोगकारक द्रव्ये तयार होतात. ती आटोक्यात ठेवण्यासाठी कचरा जाळण्याच्या भट्टीत निदान ८५० अंश सेल्सिअस तापमान सतत राखावे लागते, जे घरच्या बंबात शक्य नाही. धुरातून ती गवतावर बसतात, गुरांच्या चरबीत साठतात आणि दुधावाटे मुलांच्या पोटात जातात. म्हणून कळकळीने सांगतो, पाइपचा एकही तुकडा जाळू नका. पॉलिथिनच्या दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून भंगारवाल्याला द्याव्यात. कापताना कोपरा मात्र पिशवीलाच राहू द्यावा.