दाट स्तन, आयोडीनचं इंजेक्शन आणि कोळंबी

प्रश्न : डॉक्टर, माझं वय 47. डाव्या स्तनात जडपणा वाटला म्हणून मॅमोग्राफी केली. रिपोर्टात 'दाट स्तन, बायरॅड्स 0' असं आलंय. आता शिरेतून आयोडीनचं औषध देऊन पुन्हा मॅमोग्राफी करायला सांगितलीय. मला मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. कोळंबी खाल्ली की अंगावर पित्त उठतं, म्हणून नणंद म्हणते, आयोडीन घेऊच नकोस. मला कॅन्सर असावा असं डॉक्टरांना वाटतंय का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण झोप त्यानेच उडाली असणार. बायरॅड्स म्हणजे मॅमोग्राफीच्या रिपोर्टाला देतात ती श्रेणी, आणि 0 म्हणजे कॅन्सर नव्हे. या फोटोंवरून ठरत नाही, आणखी बघू, एवढाच त्याचा अर्थ. दाट स्तन हाही आजार नाही. दुधाच्या ग्रंथी आणि तंतू जास्त, चरबी कमी, इतकंच. पण एक्सरेत ग्रंथी पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच. तांदूळ निवडताना काळा खडा चटकन दिसतो, पांढरा हातून निसटतो. अशा फोटोपुढे मीही जास्त वेळ बसते.

मग हे इंजेक्शन कशासाठी? वाढणारी कॅन्सरची गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करते. त्या गळक्या असतात, त्यामुळे आयोडीनचं औषध तिथे जास्त झिरपतं. औषध दिल्यावर दोनेक मिनिटांनी नेहमीसारखा स्तन दाबून फोटो घेतात. दर वेळी कमी आणि जास्त ऊर्जेचे दोन एक्सरे निघतात, आणि संगणक त्यांच्यातून ग्रंथींचा पांढरेपणा वजा करतो. उरतं ते औषध जिथे साठलं तेवढंच. किरणं साध्या मॅमोग्राफीपेक्षा थोडी जास्त लागतात. ब्रिटनमध्ये दाट स्तन असलेल्या, पण साधी मॅमोग्राफी निर्दोष आलेल्या 9,000हून जास्त बायकांचा अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या पद्धतीने दर हजार तपासण्यांमागे सुमारे 19 कॅन्सर सापडले, यंत्राने आपोआप केलेल्या सोनोग्राफीत सुमारे 4. म्हणून मी म्हणेन, टाळू नका.

कोळंबीचं पित्त तिच्यातल्या प्रथिनामुळे उठतं, आयोडीनमुळे नव्हे. नणंदबाईंना हे नक्की सांगा. त्यांची काळजी खरी आहे, पण ही समजूत चुकीची. मात्र पूर्वी सीटी स्कॅनच्या वेळी अशा औषधाने त्रास झाला असेल, दमा असेल किंवा थायरॉइडचं काम वाढलेलं असेल, तर सुई टोचण्याआधी बोला.

तुमच्या बाबतीत मला किडनी महत्त्वाची वाटते. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम सांगणारी रक्ततपासणी, करून रिपोर्ट सोबत न्या. किडनी चांगली असेल तर मेटफॉर्मिन सहसा बंद करावी लागत नाही. काम फारच कमी झालेलं असेल तर थांबवतात आणि 48 तासांनी किडनी पुन्हा तपासून सुरू करतात. स्वतःहून मात्र गोळी सोडू नका.

औषध शिरेत जाताना अंगभर गरम लाट येते, तोंडात धातूची चव येते, कुणाला लघवी झाल्यासारखं वाटतं. मी प्रत्येकीला हे आधीच सांगते, नाहीतर बाई घाबरून हलते. मिनिटभरात ते ओसरतं.

फोटोत काही उजळलं तरी लगेच खचू नका, फायब्रोॲडिनोमाची साधी गाठही उजळते. उलट काहीच उजळलं नाही, पण हाताला गाठ लागतेय किंवा साध्या फोटोत कॅल्शियमचे संशयास्पद कण आहेत, तर बायोप्सी, म्हणजे तिथला छोटा तुकडा काढून तपासणं, टळत नाही.

पाळी चालू असेल तर सातव्या ते चौदाव्या दिवसातली तारीख मागा, त्या वेळी ग्रंथी कमी उजळतात. पण तेवढ्यासाठी महिना घालवू नका. आणि जुन्या मॅमोग्राफीची सीडी पिशवीत असू द्या.