पुन्हा तोच घसा, पुन्हा तोच रिपोर्ट

"मॅडम, एकदा होऊन गेलेला मोनो पुन्हा पुन्हा होतो का? प्रत्येक वेळी रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो आणि डॉक्टर म्हणतात, काही नाही. मी कोणाचे खरे मानायचे?" गेल्या उन्हाळ्यात समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसलेल्या गृहस्थांचा हा पहिलाच प्रश्न होता. मोनो म्हणजे मोनोन्यूक्लिओसिस, ताप, घसादुखी आणि मानेतल्या गाठींची सूज आणणारा विषाणूजन्य आजार. महिनोन् महिने न उलगडलेला आजार घेऊन येणाऱ्या अनेकांच्या मनात असाच प्रश्न असतो, म्हणून त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हा अनुभव लिहीत आहे.

वय चाळिशीच्या आतले, सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरील एका टॉवेल कारखान्यात हिशेबाचे काम. चौदा महिन्यांपूर्वी त्यांना तीन आठवडे ताप होता, घशात पांढरे चट्टे आले होते आणि मानेच्या दोन्ही बाजूंच्या गाठी सुजल्या होत्या. अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक सुरू केल्यावर अंगभर लाल पुरळ उठले, तेव्हा डॉक्टरांना मोनोन्यूक्लिओसिसची शंका आली आणि रक्ततपासणीत ती खरी ठरली. ते बरे झाले; परंतु त्यानंतर दर दीड-दोन महिन्यांनी घसा धरायचा, मानेत गाठ लागायची आणि आठवडाभर अंगात त्राण नसायचे. एकाने मोनो उलटला असे सांगितले, दुसऱ्याने गाठीचा टीबी तर नसेल ना, अशी शंका काढली, तिसऱ्याने 'टेन्शन घेऊ नका' म्हणून वाटेला लावले. त्यानंतर ते स्वतःच लॅबमध्ये जाऊन तीच तपासणी पुन्हा पुन्हा करून घेऊ लागले.

घरी त्यांचा स्टीलचा पेला वेगळा होता. मुलीने चुकून त्यातून पाणी पिऊ नये म्हणून पत्नीच्या नेलपॉलिशने त्याच्या बुडाला लाल ठिपका दिला होता. हे सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदा कापरा झाला.

निदान करणे हे माझे काम नाही. पण आपला रिपोर्ट आपल्याला समजला आहे का, हे विचारणे नक्कीच माझे काम आहे. त्यांना तो कोणीच समजावून सांगितला नव्हता. ती फाइल घेऊन मी त्यांना ओळखीच्या एका फिजिशियनकडे पाठवले आणि त्यांच्या परवानगीने स्वतःही सोबत बसले. डॉक्टरांनी समजावले: मोनो बहुतेक वेळा एप्स्टाइन-बार विषाणूमुळे होतो आणि हा विषाणू एकदा शिरला की शरीरात जन्मभर सुप्तावस्थेत राहतो. त्याच्याविरुद्ध शरीरात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांपैकी (अँटिबॉडीजपैकी) आयजीएम हे ताज्या संसर्गात दिसतात आणि साधारण महिना-दीड महिन्यात ओसरतात. आयजीजी मात्र कायम राहतात. विषाणूच्या ईबीएनए या घटकाविरुद्धचे प्रतिपिंड आजार सुरू झाल्यानंतर दोन ते चार महिन्यांनी उमटतात, म्हणजे ते असणे ही संसर्ग जुना असल्याची खूण आहे. या गृहस्थांचे आयजीएम निगेटिव्ह होते, पॉझिटिव्ह येत होते ते आयजीजी, आणि ते पुढेही येतच राहणार होते. जगातल्या 90 टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या रक्तात ते सापडतात. पेल्याचा विषय मीच काढला. डॉक्टर म्हणाले, "हा विषाणू बहुतेकांच्या लाळेत अधूनमधून येतच असतो, पेला किती वर्षे वेगळा ठेवणार?"

मात्र 'जुना संसर्ग' एवढे म्हणून डॉक्टर थांबले नाहीत, याचे मला मोल वाटते. गाठ कडक किंवा वाढती असेल, गळपट्टीच्या हाडावर असेल, वजन घटत असेल, रात्री कपडे भिजवणारा घाम येत असेल, तर सुईने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने गाठीचा नमुना तपासायला उशीर करू नये, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. यांची गाठ लहान, मऊ आणि बोटाखाली सरकणारी होती, वजनही स्थिर होते. रक्ताचे संपूर्ण चित्र, एचआयव्ही, साखर, थायरॉइड, छातीचा एक्स-रे या तपासण्या झाल्या. बी-12 जीवनसत्त्व बरेच कमी निघाले आणि त्याचे उपचार सुरू झाले. थकव्याचा काही भाग त्याने समजला; घसा पुन्हा पुन्हा का धरतो, याचे नेमके उत्तर तरीही मिळाले नाही.

माझे खरे काम इथून सुरू झाले. पाऊण तासाच्या भेटीत त्यांची बोटे कितीतरी वेळा जबड्याखाली जात. सतत चाचपल्याने ती जागा दुखते आणि दुखले की पुन्हा चाचपावेसे वाटते, हे त्यांच्या ध्यानात आणून दिल्यावर आम्ही ठरवले की गाठ फक्त रविवारी, आंघोळीनंतर, एकदा पाहायची. थर्मामीटरचेही तसेच. सोलापुरात मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर असताना पत्र्याच्या शेडमधून आल्या आल्या दिसलेला 99 हा आकडा ताप म्हणून धरायचा नाही. अर्धा तास सावलीत बसून मगच मोजायचे. एका वहीत तारीख, त्रास, झोप आणि त्या दिवशी झालेले काम एवढेच लिहायचे, आणि नवी तपासणी डॉक्टरांनी सांगितली तरच करायची.

दुसऱ्या भेटीला पत्नी आल्या. "यांच्या मनाचेच आहे सगळे," असे त्या म्हणाल्या आणि ते खाली पाहू लागले. मी बाईंना थांबवले. त्रास खरा आहे, नाव सापडलेले नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पण 'मनाचे आहे' हे ऐकले की माणूस पुरावा गोळा करायला पुन्हा लॅबकडे धावतो. बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतले. जाताना त्यांनी विचारले, "मग त्रास होईल तेव्हा मी काय म्हणू?" मी म्हटले, "आज किती आहे, एवढेच विचारा."

जानेवारीत, सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, त्यांचा घसा पुन्हा धरला. वहीत नोंद होती: 'घसा 4 दिवस. ताप नाही. गाठ रविवारी पाहिली, तेवढीच. कामावर अर्धा दिवस.' त्या आठवड्यात ते लॅबमध्ये गेले नाहीत. पेल्याविषयी मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "ठिपका आहे अजून, मॅडम. पण पोरगी त्यातूनच पाणी पिते."