शिकागोच्या ओ'हेअर विमानतळाला हे नाव कोणावरून पडलं?

एडवर्ड 'बुच' ओ'हेअर या अमेरिकन नौदलाच्या वैमानिकावरून. २० फेब्रुवारी १९४२ ला 'लेक्सिंग्टन' या विमानवाहू जहाजावर जपानी बॉम्बफेकी विमानं चालून आली. त्यांना अडवायला वेळेत पोचले दोघंच, ओ'हेअर आणि त्याचा जोडीदार. त्यात जोडीदाराच्या मशीनगन ऐनवेळी अडकल्या. उरला एकटा ओ'हेअर.

त्याचं विमान होतं ग्रुमन कंपनीचं वाइल्डकॅट. बुटकं, पिंपासारखं. चाकं आत घ्यायला वैमानिकाला एक हँडल हाताने तीसेक वेळा गरगर फिरवावं लागे, आपल्या विहिरीच्या रहाटासारखं! हात निसटला तर मनगटाचं काही खरं नाही. पंखांत चार मशीनगन, प्रत्येकीत ४५० गोळ्या. म्हणजे जेमतेम अर्ध्या मिनिटाचा मारा. तेवढ्यात त्याने पाच विमानं पाडल्याची नोंद झाली. युद्धानंतर जपानी कागदपत्रं तपासल्यावर आकडा तीनवर आला. माझ्या मते त्याने काही बिघडत नाही, जहाज तर वाचलं. त्याला 'मेडल ऑफ ऑनर' हे अमेरिकेचं सर्वोच्च लष्करी पदक मिळालं.

नोव्हेंबर १९४३ मध्ये रात्रीच्या मोहिमेवर हेलकॅट हे लढाऊ विमान उडवताना तो बेपत्ता झाला. विमानतळाला त्याचं नाव दिलं १९४९ मध्ये. तिथे उतरलात तर टर्मिनल दोनमध्ये एक वाइल्डकॅट ठेवलंय, मिशिगन सरोवराच्या तळातून काढलेलं.