काजूच्या बागेतली माती पावसात वाहून जाते, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की कणकवलीकडे उतारावर काजू आहे, मुळं उघडी पडायला लागलीत आणि जेसीबीवाला उतार कापून सपाट टप्पे पाडून देतो म्हणतोय. आमची बागही राजापूरकडे अशाच उतारावर आहे म्हणून कळकळीने सांगतो, आधी जेसीबी थांबवा. आपल्याकडे चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि जांभ्यावर मातीचा थर बऱ्याच ठिकाणी वीतदोन वीत, तो उकरून मोकळा केला की पहिल्या मोठ्या सरीला व्हाळात (ओढ्यात) गेलाच म्हणून समजा.

लोक थेट चर मारायला घेतात, पण माती सुटते ती आधी पावसाच्या थेंबांच्या माऱ्याने, वाहतं पाणी ती पुढे घेऊन जातं. त्यामुळे जमीन उघडी ठेवायची नाही हे सगळ्यात महत्त्वाचं. पावसाआधी तणनाशक मारणं, पातेरा (गळलेला सुका पाला) जाळणं एकदम बंद करा. गवत ग्रासकटरने कापा, मुळं राहू देत, कापलेलं तिथेच पसरा. बी गोळा करायला झाडाखाली साफ लागतं ते ठीक आहे, पण ओळींमधला पट्टा गवताचाच ठेवा. वणव्याची भीती असेल तर दिवाळीनंतर बागेच्या कडेने रुंद पट्टा साफ करा, सगळी बाग नको.

मग चर. दोन फूट रुंद, फूटभर खोल, माती खालच्या अंगाला टाकायची. पण चर पातळीत नसेल तर त्याचाच ओहोळ होतो. पातळी काढायला बांबूची ए-फ्रेम पुरते, दोन काठ्या वर बांधायच्या, मध्ये आडवी काठी, वरून दोरीला दगड सोडायचा. फ्रेमचे दोन्ही पाय जमिनीवर टेकवायचे, दोरी आडव्या काठीवर जिथे टेकते तिथे खूण, मग त्याच दोन जागांवर पाय अदलाबदल करून परत खूण, दोन्हीच्या मधली खूण म्हणजे पातळी. दोरी तिथे आली की दोन्ही पाय एका उंचीवर, तसं चालत चालत चुना टाकत जायचं. सुरुवात बागेच्या वरच्या टोकापासून करा, म्हणजे पाणी वेग धरायच्या आधीच अडतं, कारण पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो.

चराच्या बांधावर जूनमध्ये वाळ्याचे ठोंब वीतभर अंतरावर लावा, मुळं सरळ खाली जातात, काजूशी फार भांडत नाहीत. मध्ये मध्ये गिरीपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) काठ्या खोचा, पाला आच्छादनाला होतो.

उघड्या मुळांचं मात्र पावसाआधीच करा, तिथे रोठा (खोड-मुळं पोखरणारी अळी) लवकर लागतो. प्रत्येक झाडाच्या खालच्या बाजूला अर्धगोल दगडी गडगा रचा, चराची माती आणि पातेरा आत भरा, खोडाला माती चढवू नका. घळ पडली असेल तिथे अनगड दगडांचे छोटे बांध घाला, मधला भाग कडेपेक्षा खाली ठेवून, नाहीतर पाणी बाजूने काठ कापतं.

आणि खाली घर असेल आणि चढ उभा असेल तर तिथे चर अजिबात नको, मुरलेल्या पाण्याने दरड सुटू शकते, त्या भागात फक्त गवत आणि वाळा.