"महिन्यातून एकदा सही करायला या" असं सांगितलंय. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षाचं काम एवढंच असतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे, परवाच्या पालकसभेत तुम्हाला शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष केलं, मुख्याध्यापक म्हणाले की महिन्यातून एकदा सही करायला येत जा. तुमचं शिक्षण दहावीपर्यंत झालंय. एवढंच काम असतं का, की आणखी काही जबाबदारी अंगावर येते?

ताई, येते. आणि ती तुम्हाला नक्की पेलेल. मी या समितीत चार वर्षं होते, पहिली दोन सदस्य म्हणून आणि पुढची दोन अध्यक्ष म्हणून. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली आमची शाळा, पहिली ते पाचवी, पट 52, शिक्षक दोन. मी बारावी शिकलेली, घरी शिलाई मशीन चालवते. मलाही पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं.

आधी माझी चूक सांगते, म्हणजे तुमच्याकडून ती होणार नाही. सदस्य असताना मी कोऱ्या पानावर सह्या केल्या. मुलगा प्रोसिडिंगची, म्हणजे सभेतले ठराव लिहायची वही घेऊन घरी यायचा, "बाई म्हणाल्या इथं सही कर," आणि मी मशीनवरून उठून सही करून परत द्यायचे. सात-आठ महिन्यांनी शेजारणीनं विचारलं, "टाकी दुरुस्त केली म्हणं शाळेची?" मी शाळेत जाऊन वही पाहिली. ठराव लिहिलेला होता, खर्चाला मंजुरी होती, खाली माझी सही होती. टाकी मात्र तशीच गळत होती. विचारल्यावर पंधरा दिवसांत ती दुरुस्त झाली, पण त्या पंधरा दिवसांत मला झोप लागली नाही. आपली पोरं घरून बाटलीत पाणी नेत होती आणि कागदावर मी त्यांना पाणी दिलं होतं.

तेव्हापासून मी एक नियम पाळला. सभेत बसल्याशिवाय आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचून घेतल्याशिवाय सही नाही. शेवटच्या ओळीखाली रिकामी जागा राहिली तर तिथं आडवी रेघ मारायची. मुख्याध्यापक सुरुवातीला नाराज झाले. नंतर त्यांनाच ते सोयीचं वाटायला लागलं, कारण पुढं कुणी बोट दाखवलं तर जबाबदारी त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर राहत नव्हती.

आता कायद्याचं थोडक्यात. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. त्याच्या कलम 21 प्रमाणे ही समिती आहे. त्याआधी गावात ग्राम शिक्षण समिती असायची. नव्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया हव्यात. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. आपल्याकडे समिती 12 ते 16 जणांची असते. ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी, एक शिक्षक, एक शिक्षणाची जाण असलेली व्यक्ती, आणि मुख्याध्यापक सचिव म्हणून. अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा असतो. मुदत दोन वर्षांची, सभा दर महिन्याला. खाजगी अनुदानित शाळेत ही समिती 2012 च्या दुरुस्तीनंतर फक्त सल्ला देऊ शकते. तुमची शाळा जिल्हा परिषदेची आहे, तेव्हा तुम्हाला पूर्ण अधिकार आहेत.

कायदा कामं तीन सांगतो: शाळा कशी चालते यावर लक्ष ठेवणं, शाळेचा विकास आराखडा करणं, आलेला पैसा कुठं गेला ते पाहणं. ऐकायला मोठी वाटतात. मी तुम्हाला ती घरातल्या भाषेत सांगते.

पोषण आहारापासून सुरू करा, कारण तिथं तुम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला 150 ग्रॅम. आमच्याकडे ज्या दिवशी 41 पोरं हजर, त्या दिवशी 4 किलो 100 ग्रॅम तांदूळ शिजायला हवा. मी महिन्यातून दोनदा, न सांगता, अकराच्या सुमारास जायचे. फळ्यावरची हजेरी बघायची, वर्गातली डोकी मोजायची, तांदूळ वजन करून टाकताना बघायचं आणि मुलांच्या आधी चव घ्यायची. चव घेतल्याची नोंद करायला वही असते, तिच्यात खरं लिहायचं. डाळ पातळ असेल तर पातळ लिहायचं. स्वयंपाक करणाऱ्या बाईला मात्र सगळ्यांसमोर बोलू नका. तिचं मानधन किती आणि ते किती महिन्यांनी मिळतं, हे आधी तिलाच विचारा. आमच्या इथं डाळ पातळ होण्याचं कारण वेगळंच निघालं. डाळीचा माल वेळेवर येत नव्हता आणि ती बिचारी आहे त्यात महिना ओढत होती. मग आम्ही मालाच्या तारखा लिहून ठराव केला आणि तालुक्याला पाठवला.

पैशाचं सांगते. 31 ते 100 पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला 25,000 रुपये संयुक्त शाळा अनुदान ठरलेलं आहे, 101 ते 250 पटाला 50,000. वीजबिल, खडू, रजिस्टरं, किरकोळ दुरुस्ती, सगळं यातच. यातले निदान 10 टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. पूर्वी हे पैसे समितीच्या खात्यावर येऊन पडायचे. 2021 पासून पद्धत बदलली. आता शाळेला खर्चाची मर्यादा मिळते आणि पैसे राज्याच्या मुख्य खात्यातून थेट दुकानदाराला जातात. म्हणून "पैसेच आले नाहीत" असं कुणी म्हणालं, तर तेवढ्यावर थांबू नका. मर्यादा आली होती का, किती तारखेला आली, किती खर्च झाली, हे विचारा. मार्च उलटला की न खर्चलेली मर्यादा हातची जाते.

गणवेशाबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय, कारण तो माझ्या धंद्याचा विषय. मुलामागे दोन गणवेशांचे 600 रुपये येतात. 2024-25 मध्ये राज्यानं हे काम आपल्याकडे घेतलं होतं, गणवेश उशिरा पोहोचल्याच्या तक्रारी गावोगावी झाल्या आणि पुढच्या वर्षीपासून ते पुन्हा समितीकडे आलं. मी अध्यक्ष असताना गावातले सगळे म्हणाले, "तुम्हीच शिवा की, तुमच्यासारखं कोण शिवतंय." मला कामाची गरज होती. पन्नास पोरांचे शंभर गणवेश म्हणजे माझ्यासाठी दोन महिन्यांची चूल. तरी मी नाही म्हणाले. त्या विषयावर चर्चा झाली तेव्हा मी उठून व्हरांड्यात बसले, उपाध्यक्षांनी सभा चालवली, तीन दरपत्रकं उघडली गेली आणि काम दुसरीकडे गेलं. शिवून आलेल्या कपड्यांच्या शिवणी मात्र मी एकेक तपासल्या. ज्याच्या बिलावर आपली सही जाते, त्या माणसाशी आपला किंवा आपल्या नात्यागोत्याचा व्यवहार नको. दीर, भाचा, जाऊबाई, कुणाचाच नको. एकदा हे केलंत की बाकीचे प्रश्न विचारताना तुमचा आवाज दबत नाही.

समितीत दोन विद्यार्थीही बसतात. मत द्यायला नाही, सांगायला. त्यांतली एक तरी मुलगी असते. त्यांना सभेत नुसतं कोपऱ्यात बसवून ठेवतात. तुम्ही त्यांना बोलतं करा. आमच्या पाचवीतल्या मुलीला मी विचारलं, "शाळेत काय नको वाटतं?" ती आधी सरांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मुलींच्या संडासाला कुलूप असतं." चावी ऑफिसात, ऑफिसात सर, आणि सरांकडे चावी मागायची मुलींना लाज. मोठ्या मुली दुपारच्या सुट्टीत घरी जायच्या आणि परत यायच्या नाहीत. हजेरीत त्याचा पत्ता लागत नव्हता, कारण हजेरी सकाळीच होते. माझी स्वतःची मुलगी त्यांतलीच एक होती, तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. त्याच सभेत ठरलं: कुलूप काढायचं, आतून कडी बसवायची, पाण्याचं पिंप आत ठेवायचं. सगळा खर्च दोन हजारांच्या आत झाला. चार वर्षांतलं हे काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

शिक्षकांचं कसं करायचं, हे नाजूक आहे. त्यांची नेमणूक, बदली, पगार, यांतलं काहीही तुमच्या हातात नाही, आणि कसं शिकवायचं हेही आपण सांगायचं नाही. पण ते वेळेवर येतात का, पूर्ण वेळ थांबतात का, पालकांना भेटतात का, हे पाहणं तुमचं काम आहे. पोरांना मारणं कायद्यानं बंद आहे. तेही पाहा. त्याचबरोबर आणखी एक गोष्ट करा, जी फार कुणी करत नाही: शिक्षकांच्या बाजूनं उभं राहा. जनगणना, निवडणूक आणि आपत्तीतलं मदतकार्य सोडून त्यांना शाळेबाहेरच्या कामाला लावता येत नाही, असं कलम 27 म्हणतं. कुणी लावलं तर तक्रार समितीनं करायची. शिक्षक स्वतः करायला कचरतात.

आमच्या एका बाईंची बदली झाली आणि जागा रिकामी राहिली. 52 पोरं, पाच वर्ग, एकटे सर. 60 पटापर्यंत दोन शिक्षक हवेत, असं कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलेलं आहे. आम्ही आधी तोंडी सांगितलं, तीन महिने काही हललं नाही. मग ठराव केला, पट लिहिला, जागा कोणत्या तारखेपासून रिकामी ते लिहिलं, अर्ज जोडला आणि मी स्वतः तालुक्याला नेऊन दिला. शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलले नाही. महिन्यानं दुसरा अर्ज, त्यात पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक. कलम 32 प्रमाणे अशा लेखी तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, हेही त्यात लिहिलं. दिवाळीनंतर शेजारच्या केंद्रातून, म्हणजे शाळांच्या गटातून, एक शिक्षक कामगिरीवर, तात्पुरते मिळाले. कायमचे मिळायला पुढचं जून उजाडलं. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं, ताई. पोच सांभाळून ठेवा. मी बिस्किटाच्या जुन्या डब्यात ठेवायचे.

विकास आराखडा म्हणजे पुढच्या तीन वर्षांचा कागद. आर्थिक वर्ष संपायच्या तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर, तो तयार असायला हवा. बऱ्याच ठिकाणी मागच्या वर्षीचाच उतरवून काढतात. तुम्ही एक करा: पावसाळ्यात एकदा सगळ्या वर्गांत फिरून कुठं गळतं ते खडूनं भिंतीवर खूण करून ठेवा. डिसेंबरमध्ये आराखडा लिहिताना आकाश कोरडं असतं आणि गळकं छप्पर कुणाला आठवत नाही.

तुमचं गाव कुठलं ते तुम्ही लिहिलं नाही. पण तुमच्याकडून लोक ऊसतोडीला जात असतील, तर हे शेवटचं काम सगळ्यात आधी करा. आमच्या इथं दिवाळी झाली की अर्धं गाव मुकादमाच्या, म्हणजे मजूर नेणाऱ्याच्या, ट्रकमध्ये बसतं, पोरांसकट. फडावर गेलेलं पोर मार्च-एप्रिलमध्ये परत येतं तेव्हा वाचन विसरलेलं असतं, आणि दोन-तीन हंगामांनंतर येतच नाही. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह चालवता येतं आणि ते शाळा व्यवस्थापन समितीच चालवते. पोरं रात्री आजी-आजोबांकडे झोपतात, दोन वेळचं जेवण आणि अभ्यास समितीकडे. प्रस्ताव दिवाळीच्या आधी जावा लागतो. म्हणून सप्टेंबरातच घरोघर जाऊन विचारा: यंदा उचल (मजुरीचे आगाऊ पैसे) घेतली का, कोण जाणार, पोरं कुणाकडे ठेवणार. जे पोर जाणारच असेल त्याला शिक्षण हमी कार्ड मिळवून द्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसता येईल.

यादीत एकही खोटं नाव घालू देऊ नका. माझ्यावर दबाव आला होता, "पाच-सहा नावं वाढवा, सगळ्यांचं भागेल." मी रोज संध्याकाळी ताटं मोजायला जाऊ लागले. पहिल्या वर्षी 17 ताटं होती, दुसऱ्या वर्षी 23. ती वाढलेली सहा पोरं खरी होती, त्यांच्या आयांनी जाताना माझ्या दारात आणून सोडली होती.

पुढच्या सभेला जाल तेव्हा मागच्या वर्षभराचं प्रोसिडिंग मागून घ्या आणि तिथंच बसून वाचा. ते कुणाही गावकऱ्याला पाहायला खुलं असतं, तुम्ही तर अध्यक्ष आहात. न कळलेला शब्द विचारायला लाजू नका. काही अडलं तर इथंच लिहा, मी रात्री मशीन बंद केल्यावर बघते.