गिरो, गिऱ्हा आणि गिऱ्हाईक

प्रश्न असा आहे : ‘आमचे आजोबा सिंधुदुर्गातले. पावसाळ्याच्या सुरुवातीला रात्री मासे धरायला निघालो की म्हणायचे, एकटो जाव नको, गिरो धरतलो. हा गिरो म्हणजे पाण्यातलं भूत, एवढं कळतं. पण शब्द कुठला? माणसाला गिळतो म्हणून गिरो का? आणि काही ठिकाणी गिऱ्हा असं लिहिलेलं दिसतं, त्यातलं बरोबर कोणतं?’

गिळण्याशी या शब्दाचा संबंध नाही, असं माझं ठाम मत आहे. पुरावा ‘गिऱ्हा’ या रूपातल्या ह-कारात आहे. गिळण्यातून ह येणार कुठून? तो येतो ‘ग्रह्’ या संस्कृत धातूतून, आणि त्याचा अर्थ धरणे, पकडणे. ‘ग्र’ हे जोडाक्षर बोलीत फुटतं आणि मध्ये इ शिरते. ग्रहणाचं गिऱ्हाण झालं, ग्राहकाचं गिऱ्हाईक झालं, तसाच ग्रहाचा गिऱ्हा. पुढे भरभर बोलताना ह गळतो. दुकानदार गिऱ्हाईक न म्हणता ‘गिराईक’ म्हणतो की नाही? त्याच न्यायाने गिऱ्ह्याचा गिरा, आणि मालवणीत अशा आकारान्त पुल्लिंगी नामाच्या शेवटी आ ऐवजी ओ येतो म्हणून गिरो. म्हणजे घेणारा तो गिऱ्हाईक आणि धरणारा तो गिऱ्हा, हे एकाच घरातले शब्द आहेत. (‘गिरस्त’ मात्र या घरातला नाही, तो गृहस्थ.)

आता तुमच्या आजोबांचं वाक्य पुन्हा वाचा : गिरो धरतलो. शब्द आणि त्याचा अर्थ त्यांनी शेजारी शेजारी ठेवलाय. मला हे फार आवडलं. मासे आपण ‘धरायला’ जातो आणि भूतही माणसाला ‘धरतं’, दोन्हीकडे क्रियापद एकच.

ग्रह म्हटलं की आज आपल्याला गुरू-शनी आठवतात, पण मुळात ‘ग्रह’ म्हणजे पकडणारा. राहू सूर्याला पकडतो ते ग्रहण. सुश्रुतसंहितेत लहान मुलांना पछाडणारे नऊ बालग्रह सांगितले आहेत, त्यांत स्कंद, रेवती, पूतना अशी नावं येतात. आपण ‘ग्रहबाधा’ म्हणतो तीही याच अर्थाने. शिवाय संस्कृतात पाण्यात राहून पकडणाऱ्या प्राण्याला ‘ग्राह’ म्हणतात. गजेंद्रमोक्षाच्या कथेत हत्तीचा पाय धरून ठेवणारा तो ग्राहच. चिपळूणजवळ वाशिष्ठीत आणि महाडकडे सावित्रीत आजही मगरी आहेत, तेव्हा पाण्यात पाय धरणारं काहीतरी असतं हे कोकणातल्या माणसाला पोथीतून शिकावं लागलं नसणार. गिऱ्हा थेट ‘ग्रह’वरून आला की त्यात ‘ग्राह’ही मिसळला, याचा निवाडा मी करत बसणार नाही. धातू एकच आहे.

हा धरणारा धरतो कसा, ते बघण्यासारखं आहे. बुडून मेलेल्या माणसाचं हे भूत झडप घालत नाही, सोबत करतं. मी लहानपणी ऐकलेली गोष्ट अशी. मृगाचा पाऊस पडला, व्हाळाला (ओढ्याला) पाणी आलं, चढणीचे मासे सुरू झाले. (रायगडकडे यांनाच वलगणीचे मासे म्हणतात. पहिल्या पावसात अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात ते.) दोघा मित्रांनी पहाटे जायचं ठरवलं. मध्यरात्रीच एकाच्या दारात हाक आली, ‘उठ रे, व्हाळार जावया, मासे चढतत.’ आवाज ओळखीचा. हा कोयता आणि चूड (झावळीची मशाल) घेऊन निघाला. सोबती चार पावलं पुढे, मागे वळून बघत नाही. पाणी घोट्यापर्यंत आलं, मग गुडघ्यापर्यंत. मध्येच तो पुढून म्हणाला, ‘चूड इजव, मासे बुजतत.’ इथे याच्या पोटात धस्स झालं. उजेडाने मासा जागच्या जागी थबकतो म्हणून तर माणसं झावळीची चूड पेटवून नेतात. मासे धरणारा कोणीही चूड विझव म्हणणार नाही. याने चूड उंच धरली तर पुढे कोणी नाही, आणि दोन पावलांवर कोंडीचं (खोल डोहाचं) काळं पाणी. घरी येऊन पडला. पहाटे खरा मित्र दारात, ‘येतंस मां?’

या गोष्टीत भुतापेक्षा वेळ महत्त्वाची आहे असं मला वाटतं. घरात घड्याळ नसताना कृष्णपक्षात मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र उगवला की अंगण उजळायचं आणि पहाट झाली समजून माणसं निघायची. खाडीवर तर धोका आणखी मोठा. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. काल याच वेळी पाणी ओसरलेलं होतं म्हणून आज गाळात उतरावं, तर पाणी अजून पुरतं ओसरलेलंच नसतं. ‘गिऱ्ह्याने आत नेलं’ असं म्हणतात तेव्हा पुष्कळदा हेच घडलेलं असतं. म्हणून मी आजोबांच्या इशाऱ्याला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणार नाही. ‘एकटो जाव नको’ हा त्यातला भाग शंभर टक्के खरा आहे.

गिऱ्ह्यावर उलटवार करण्याच्याही गोष्टी आहेत. त्याच्या शेंडीचा केस हाती लागला तर तो गडी होऊन राबतो, रात्रीत टोपलीभर मासे आणून टाकतो. केस परत मिळाला की मात्र घराचं वाटोळं करतो. म्हणून तो केस स्वतःची मांडी चिरून आत लपवायचा, असं सांगतात. लहानपणी हे ऐकून मी कितीतरी दिवस स्वतःची मांडी चाचपत असे.

काही लोक गिऱ्हा, चकवा, देवचार सगळे एकाच माळेत ओवतात, ते बरोबर नाही. चकवा जमिनीवरचा. तो वाट चुकवतो, रात्रभर एकाच शेताभोवती फिरवतो, आणि शब्दही ‘चकवणे’ यातलाच. देवचार हा राखणदार. गोवा-सिंधुदुर्गात त्याला सोरो-रोट (दारू आणि जाड भाकरी) देतात, वहाणा वाहतात, त्याची भीती वाटते पण आधारही वाटतो. घाटावर डोहात कोणी बुडालं तर ‘आसरांनी ओढलं’ म्हणतात. या साती आसरा म्हणजे अप्सरा, आणि ‘अप्’ म्हणजे पाणीच. निवारा या अर्थाचा ‘आसरा’ वेगळा, तो आश्रयातून आलेला.

राहिला लेखनाचा प्रश्न. प्रमाण मराठीत लिहिताना मी ‘गिऱ्हा’ लिहीन, सामान्यरूप ‘गिऱ्ह्या’ : गिऱ्ह्याने, गिऱ्ह्याला. आजोबांचं वाक्य लिहायचं असेल तर ‘गिरो’च लिहा. तिथे ह घालून त्यांचं बोलणं सुधारू नका.